गोफणीची सुट्टी

"ओढू नकोस रे, मांस येईल," ताई म्हणाल्या आणि त्यांनी लंब्याचा दंड मागे ओढायच्या ऐवजी गोफण नावाच्या पोरीच्या तोंडात आणखी आत ढकलला.

रुतलेला दात असाच सोडवायचा असतो. ओढलं की चावणारा चेकाळतो. ढकललं की त्याचा जबडा गोंधळतो. हे कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. प्रशिक्षणात रंगीत कागदाची फुलं करायला शिकवतात. गोफणीचा जबडा गोंधळला, सैल झाला, लंब्या मागच्या मागे भिंतीवर आदळला आणि स्वतःच्या दंडाकडे बघून केकाटायला लागला. दंडावर समोरासमोर दोन लाल कमानी उमटल्या होत्या. खालच्या कमानीतून रक्ताचा ओघळ कोपराकडे निघाला होता.

"कशावरून?" ताईंनी विचारलं.

"काही नाही हो ताई, नुसता बसलो मी!"

"माझ्या जागेवर बसला," गोफण तोंड पुसत म्हणाली.

तिची जागा म्हणजे कोपरा. शाळा सुटल्यावर मुलांनी येऊन बसायचं ते ताईंचं हे केंद्र जुन्या छापखान्याच्या गाळ्यात होतं, आणि त्याला कोपरे चारच. त्यातल्या दाराच्या समोरच्या कोपऱ्यात, पाठ भिंतीला घट्ट लावून गोफण रोज बसायची. आत येणारा प्रत्येक माणूस तिला आधी दिसायचा. हाताला लागेल ते भिरकावते म्हणून तिचं नाव गोफण; खरं नाव हजेरीपुरतं होतं. वय तेरा. वजन एखाद्या बऱ्या दप्तराइतकं.

पहिलवान डेटॉल घेऊन आला. हा केंद्रातला खेळशिक्षक. इतका काटकुळा की मुलांनी त्याला हे नाव ठेवलं तेव्हा त्याला ते कौतुकच वाटलं. लंब्याची जखम धुता धुता तो ताईंच्या कानाशी लागला.

"आज चावली ते बरं झालं. उद्या चावली असती तर?"

उद्या तपासणी होती. मागच्या वर्षी परीक्षक आले, त्यांनी 'सुरक्षित वातावरण' या सदराखाली पेन टेकवलं, आणि नेमक्या त्याच क्षणी गोफणीने फेकलेली खुर्ची खिडकीची काच फोडून रस्त्यावर गेली. काचेचा एक तुकडा परीक्षकांच्या चहात पडला. केंद्राला शेवटून दुसरा क्रमांक मिळाला; शेवटच्या क्रमांकाचं केंद्र आधीच बंद होतं. या वर्षी गुण वाढले नाहीत तर गाळ्याला कुलूप, असं वरून तोंडी कळलं होतं. वरचे लोक महत्त्वाचं सगळं तोंडीच कळवतात.

पलीकडच्या वस्तीतल्या केंद्राला मात्र सलग पहिला क्रमांक. तिथे कित्येक वर्षांत कुणी कुणाला साधी टपलीसुद्धा मारली नव्हती. तिथली टपली मारणारी सगळी मुलं आता ताईंकडे होती.

"सुट्टी द्या तिला उद्या," पहिलवान म्हणाला. "एक दिवस. आणि लंब्याला सांगतो, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून ये."

"मुलं कमी दिसतील."

"वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या क्लासमधली आणू. फार गुणी पोरं आहेत. मी बोललोय त्यांच्या सरांशी."

म्हणजे हा आधीच बोलून बसला होता. ताईंनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी सगळे गेल्यावर गोफण नेहमीप्रमाणे मागे रेंगाळली. ताई औषधांची पेटी आवरत होत्या.

"उद्या तुला सुट्टी आहे गं."

"सगळ्यांना?"

"काही जणांना."

"म्हणजे मला."

"एकच दिवस."

"मी नाही मारणार कुणाला. हात मांडीखाली घालून बसते. बघा, अशी."

"मागच्या वेळीही हेच म्हणाली होतीस."

"मागच्या वेळी त्या साहेबांच्या ड्रायव्हरने दार आपटलं," गोफण म्हणाली. यापेक्षा जास्त खुलासा कशाला हवा, असा तिचा चेहरा होता. मग म्हणाली, "आई कामावरून येईपर्यंत कुठे जाऊ?"

"घरी. दादा आता कामाला जातो ना?"

"जात होता."

ताईंनी पेटीचं झाकण लावलं. ते नीट बसत नव्हतं, म्हणून पुन्हा काढून पुन्हा लावलं. तोवर गोफण निघून गेली होती.

दादाबद्दल ताईंना माहीत नव्हतं असं नाही. एकदा गोफणीच्या पाठीवर पट्ट्याच्या बकलाचा ठसा दिसला होता, अगदी आतल्या खिळीसकट. ताईंनी वर कळवलं. वरून आलं, पालकांचे समुपदेशन करावे. वडील नव्हते, आई कामावर, म्हणून ताईंनी दादाचं समुपदेशन केलं. त्याने बसायला खुर्ची दिली, पंखा लावला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय." दुसऱ्या दिवशी गोफण एका कानाने ऐकत आली. दुसरा सुजून बंद झाला होता. तेव्हापासून ताईंनी समुपदेशन बंद केलं आणि केंद्र अर्धा तास जास्त उघडं ठेवायला सुरुवात केली. त्यांना जमण्यासारखं तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी केंद्र ओळखू येत नव्हतं. कुणी ओरडत नव्हतं. गाण्याच्या क्लासमधली मुलं गोल बसली होती आणि आपल्या भावना एकेक करून सांगत होती. सगळ्यांच्या भावना आनंदाच्या होत्या. सतरंजीखाली मात्र दोन गुणी मुली एकमेकींच्या पोटऱ्यांत कर्कटकाचं टोक खुपसत होत्या, तोंडावरचं हसू तसूभरही न हलवता. गोफणीला हे कधी जमलं नसतं. तिच्या मारण्यात आडपडदा नव्हता, की संस्कार नव्हते.

परीक्षक तेच होते, मागच्या वर्षीचे. वाकून चालणारे, सावकाश बोलणारे गृहस्थ. चहा घेण्याआधी त्यांनी कपात निरखून पाहिलं.

"छान शांत आहे," ते म्हणाले.

"प्रयत्न चालू आहेत," पहिलवान म्हणाला.

परीक्षकांनी खोलीभर नजर फिरवली. ती दारासमोरच्या कोपऱ्यावर जाऊन थांबली. तिथे आज कागदी फुलांची कुंडी होती.

"ती मुलगी दिसत नाही. खुर्चीवाली."

"आजारी आहे," ताई आणि पहिलवान एकदमच म्हणाले. पहिलवान "ताप" म्हणाला आणि ताई "पोट".

परीक्षकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मागच्या वेळचे माझे शेरे वाचलेत ना?"

"हो तर! वाचले म्हणजे काय!" पहिलवान म्हणाला. दोघांनीही खालचा आकडा वाचला होता. आकडा वाचल्यावर आणखी काही वाचायची ताकद कुणात राहते?

"मग मी आता पुन्हा सांगत बसत नाही. खुर्ची फेकल्याचे गुण मी कापलेच नव्हते. अशा केंद्रात खुर्च्या उडणारच; नाही उडाल्या तर मला शंका येते. तिने फेकल्यावर तुम्ही तिला बाहेर फाटकावर उभं केलंत, मी जाईपर्यंत. त्याचे कापले." त्यांनी कप खाली ठेवला. "म्हटलं, या वर्षी बघावं, ती आत आहे का."

कुणीतरी सतरंजीवर हलकेच कण्हलं. कर्कटक खोल गेलं असावं.

"जवळच राहते," ताई म्हणाल्या. "बरं वाटत असेल तर घेऊन येते."

"या की. मी थांबतो."

ताई निघाल्या त्या जवळजवळ पळतच. खरं सांगायचं तर वाटेत त्यांच्या डोक्यात गोफण नव्हती. डोक्यात सदरं होती. आपुलकी: पाचपैकी पाच. मुलांचा सहभाग: पाच. तिला काय सांगायचं, तोंड धुवायला लावायचं, साहेबांना आपणहून नमस्कार करायला सांगायचा, याची त्या जुळवाजुळव करत होत्या. कुलूप लागत नाही, एवढंच त्यांच्या पावलांना कळलं होतं.

इमारतीच्या जिन्यात शेजारीण कपडे वाळत घालत होती. "तुमच्याच केंद्रात जाते ना ती पोर? शाळेतून आली ती इथेच बसून होती पायरीवर. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पायात. मीच म्हटलं, घर आहे ना बाई तुला, घरी जा ना." चिमटा दातात धरून ती थांबली. मग चिमटा काढून हळूच म्हणाली, "आता वाटतं, बोलले नसते तर बरं झालं असतं."

वरून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मग पुन्हा. मधल्या वेळात कुणी रडत नव्हतं, आणि त्यावरूनच ताईंना कळलं. गोफण मार देताना ओरडायची. खाताना नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत दादाने गोफणीचे केस मुठीत धरले होते आणि तिचं डोकं कपाटाच्या दारावर आपटत होता. रागाने नाही, तालात. एखादा माणूस चादर झटकतो तसं. कपाटाच्या पत्र्याला खड्डा पडला होता. गोफणीच्या भुवईतून आलेलं रक्त हनुवटीपर्यंत वाळत आलं होतं, म्हणजे हे आत्ताच सुरू झालेलं नव्हतं. तिचा डावा हात कोपरापाशी भलत्याच बाजूला वळला होता. उजव्या हाताने ती दादाच्या पोटऱ्या ओरबाडत होती, आणि त्याही चांगल्या सोललेल्या होत्या.

"सोड," ताई म्हणाल्या.

"अरे, मॅडम!" दादाने मूठ सोडली नाही, पण आवाज मऊ केला. "तुम्हीच सांगा हिला काहीतरी. केंद्राला सुट्टी आहे म्हणते. तुम्हीच घरी पाठवली म्हणते. खोटं बोलते ना?"

ताईंना उत्तर द्यावं लागलं नाही. त्यांनी त्याची करंगळी धरली.

केस धरलेली मूठ अशीच सोडवायची असते. सगळी मूठ कुणाला उघडता येत नाही. करंगळी उलटी वळवायची, बाकीची बोटं आपोआप उमलतात. बोटं उमलली की थांबायचं, हाही त्या कौशल्याचाच भाग आहे. दादाची बोटं उमलली. गोफण खाली घसरून बसली. ताई थांबल्या नाहीत. शेंग मोडावी तसा आवाज आला. मग त्यांनी शेजारचं बोट घेतलं.

दादा गुडघ्यावर आला आणि त्याने मोकळ्या हाताने ताईंच्या तोंडावर ठोसा मारला. ताईंचा ओठ फाटला, चष्मा कुठेतरी गेला. त्यांनी दुसरं बोटही मोडलं. मग त्याच्या छातीत गुडघा घातला, आणि तो उताणा पडल्यावर आणखी एकदा घातला, त्याची गरज नसताना. इतक्या वर्षांत शेकडो भांडणं त्यांनी सोडवली होती. भांडण करणं इतकं सोपं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"पोलीस बोलवीन," दादा हात कवटाळून म्हणाला. तो रडत होता. "नोकरी घालवीन तुमची."

"मीच चाललेय पोलिसांकडे," ताई म्हणाल्या. "आधी दवाखान्यात. तू बस इथे."

त्यांनी गोफणीला उठवलं. गोफण उठली, दादाकडे एकदा नीट पाहिलं, आणि टेबलावरचा स्टीलचा तांब्या उचलला. ताईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला. तिने ओढाताण केली नाही.

जिना उतरताना शेजारणीने भिंतीला चिकटून वाट दिली. रस्त्यावर आल्यावर लोक आधी गोफणीकडे बघत होते, मग ताईंकडे. कुणी कुणाला मारलंय याचा त्यांना अंदाज येत नव्हता. ताईंना चष्म्याशिवाय चेहरे दिसत नव्हते, ते एका परीने बरंच झालं.

"ते साहेब आलेत का?" गोफणीने विचारलं. ओठ सुजल्यामुळे शब्द जड येत होते.

"आलेत."

"कुणी काही फेकलं?"

"नाही."

"मग मला कशाला न्यायला आलात?"

ताईंनी फाटलेल्या ओठावरचं रक्त बाहीला पुसलं.

"तू आत आहेस का बघायचं होतं त्यांना," त्या म्हणाल्या. "म्हणून मी आले. तेवढ्यासाठीच आले होते."

चालता चालता दोघी केंद्राच्या फाटकापाशी आल्या. फाटकात पहिलवान होता, आणि त्याच्या मागे वाकलेली एक आकृती. पहिलवानाने दोघींना पाहिलं. आनंदाने वर केलेला हात त्याने अर्ध्यातच थांबवला.

"ताई!" तो ओरडला. "ताई, ते निघतायत! सही व्हायचीय!"

ताईंनी वेग कमी केला नाही. दवाखाना पुढच्या चौकात होता, आणि पोलीस ठाणं त्याच्याही पुढे.

"ताई, केंद्र मागे राहिलं," गोफण म्हणाली.

"राहू दे."

थोडं पुढे गेल्यावर गोफणीने ताईंनी धरलेला आपला हात सोडवून घेतला. ताई जागीच थांबल्या. कुठल्या बाजूला पळेल, किती जोरात, आणि या धूसर डोळ्यांनी आपल्याला ती सापडेल का, याचा हिशेब त्यांचे पाय करू लागले. पण गोफण त्यांच्या पाठीमागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला आली आणि तिने आपला उजवा हात त्यांच्या हातात दिला.

"तो धरला की दुखतं," ती म्हणाली. "हा धरा."