पाळकांची रबरी विजार

मी एक जुनी रबरी विजार आहे, छातीपर्यंत येणारी, पायांना बूट जोडलेली. मित्रांनो, मी मासे धरायला जात असेन असे तुम्हाला वाटेल. पण मी कॅनडातल्या लंडन शहरात, एका बाप्टिस्ट चर्चमध्ये कामाला होते. तिथे बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस जाणता झाल्यावर स्वतः ठरवतो, मग पाळक त्याला हौदात पूर्ण बुडवून वर काढतात. आमचे पाळक डंकन फेअरली मला पांढऱ्या झग्याखाली घालत आणि लगेच कोरड्या पायांनी प्रवचनाला उभे राहत.

फेअरली धर्मविचारांवर पुस्तकेही लिहीत. २००४ साली त्यांनी लिहिले, 'दुसऱ्याला पाण्यात नेणाऱ्याने स्वतः कोरडे राहू नये.' हे वाक्य सर्वांनी वाखाणले. मला मात्र घडी घालून बेसमेंटमध्ये टाकले.

२०१० च्या जानेवारीत ते न्यूमोनियातून नुकतेच उठले होते. त्यांच्या नातीला, ग्रेसला, त्यांच्याच हातून बाप्तिस्मा हवा होता. नेमका त्या सकाळी हौदाचा हीटर बंद पडला. त्यांच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त डॉक्टर पद्मजा मला शोधून घेऊन आल्या.

"ही घाला, नाहीतर उतरू नका."

"डॉक्टर, मग माझ्या पुस्तकाचं काय?"

"पुस्तकात पाण्याचं टेम्परेचर दिलेलं नाही. मी चेक केलंय."

त्यांचे पती नंदकुमार मराठीत कुजबुजले, "अगं, त्यांच्याच चर्चमध्ये त्यांना दटावतेस?"

"न्यूमोनिया चर्च बघून येतो का?"

"आजोबा, आपण उन्हाळ्यात करू," ग्रेस म्हणाली.

"उन्हाळ्याचं मी काय सांगू?" असे म्हणत फेअरलींनी माझ्यात पाय घातले.

सहा वर्षांच्या घडीने माझे रबर डाव्या गुडघ्यावर चिरले होते. तिथून बर्फासारखे पाणी आत आले. त्यांनी ओठ आवळले, पण हात हलू दिला नाही. ग्रेस पाण्याखाली गेली आणि हसत वर आली.

बाहेर येऊन त्यांनी डावा बूट उलटा केला. बरेच पाणी सांडले.

"डॉक्टर, एक पाय तुमचा, एक पुस्तकाचा."

पद्मजाबाईंनी त्यांचा पाय टॉवेलने खसाखसा पुसला.

मित्रांनो, रबराची वस्तू घडी घालून ठेवू नका. घडीवर रबर ताणले जाते आणि हवेतला ओझोन ते तिथेच चिरतो. ती खुंटीला टांगा. काम कधी पडेल, सांगता येत नाही. फेअरलींना ताप आला नाही. उन्हाळ्यात ते नवे पुस्तक लिहीत बसले होते.