मेनकेच्या स्वागताची तयारी

ही गोष्ट लिहायचीच नाही असं जवळजवळ ठरलं होतं. कारण हिच्यात अर्धं गडब गाव हाताची घडी घालून एका घोडीच्या शेपटीकडे बघत उभं राहतं, आणि असलं काही कोणाला वाचायला देणार? पण पेणच्या बाजारात ही गोष्ट आता इतक्या तऱ्हांनी फिरते की एकीत घोडी मरते आणि एकीत चक्क बोलते. तेव्हा जे झालं ते एकदा लिहिलेलं बरं.

घोडी पुंडलिकची. नाव मेनका. पांढरीशुभ्र, शांत, आणि चालीला एवढी सावकाश की तिच्यावर बसलेल्या नवऱ्याला मांडवात पोचेपर्यंत लग्नाचा दोनदा फेरविचार करता येतो. पेणपासून रोह्यापर्यंत ज्यांच्या ज्यांच्या वराती तिने काढल्या, त्यांच्या फोटोत नवरा कसाही आलेला असो, मेनका चांगली आलेली आहे. घर तिच्यावर चालतं, पण पुंडलिक तसं म्हणत नाही. तो म्हणतो, "ती हाय म्हणून मी हाय, नायतर मला कोण वळखतंय."

नवरात्रात रोह्याला देवीच्या मिरवणुकीला तिला नेलं होतं. पुढे घोडी असली की तिला भिजवलेली चणाडाळ आणि गूळ भरवायचा, ही आपल्याकडची रीत. वरच्या आळीने परातभर भरवली. खालच्या आळीला ते कळलं. मग त्यांनी त्याहून मोठी परात आणली, वर केळ्यांचा घड. पुंडलिक नको नको म्हणत होता, पण देवीच्या कामात नको म्हणणाऱ्याचं कोण ऐकतं. दोन्ही आळ्या जिंकल्या आणि घोडी मधल्या मधे आडवी झाली.

पोटशूळ. गावच्या डॉक्टरने सुई टोचली आणि टेम्पो बोलवायला सांगितला. मुंबईच्या जनावरांच्या दवाखान्यात तिच्या नाकातून नळी घातली, सलाईनवर सलाईन लावलं. सुरुवातीला तिथल्या डॉक्टरीणबाई नुसतं "बघू" म्हणायच्या. मग एक दिवस "न्या घरी" म्हणाल्या.

आणि पुंडलिकला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघा, आतडं दमलंय तिचं. सुकं गवत, मूठमूठ. कोमट पाणी. बाकी काही नाही. चणा नाही, गूळ नाही, कोंडा नाही, दाणा म्हणून नाही. आरडाओरडा, वाजवणं काही नाही. आता परत झालं ना, तर मी पण काही करू शकणार नाही."

धाकटा भाऊ जनू घोडीजवळ थांबला आणि पुंडलिक तयारीला म्हणून पुढे घरी आला.

गावात तयारी झालेली होती.

दारात मांडव. खुर्च्या. मांडवाखाली हैबतराव. हे एकदा सरपंच होते आणि ते अजून त्यांच्या अंगातून गेलेलं नाही. ते म्हणाले, "पुंडलिका, मी दोन शब्द बोलणार हाय. मग ओवाळणी. मग तोंड गोड करायचं."

"कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे? घोडीचं."

पुंडलिकने त्यांना आतडं समजावून सांगितलं. हैबतराव मान हलवत राहिले. सगळं ऐकून म्हणाले, "बरोबर हाय. म्हणजे गूळ थोडाच घालायचा."

मग पुंडलिक घरोघर गेला. जाईल तिथे लोक व्हय व्हय म्हणायचे आणि पाठ फिरली की डबा काढायचे. शेजारच्या धोंडुबाईने तर टोपभर खीर केली होती.

"काकू, तिला नाय चालत गो."

"खीर नाय चालत? माझ्या सुनेला बाळंतपणाला हीच दिली मी. दोन्ही जीव ठणठणीत हायत."

"ती घोडी हाय."

"म्हणून काय दवाखान्यातून आलेल्या जिवापुढं सुकं गवत टाकायचं? आपण काय माणसं नाय?"

पुंडलिकने खीर उचलून घरी नेली. गूळ नेला, लाडू नेले, कोणी पेणवरून खास आणलेले पोह्यांचे पापड नेले. सगळं स्वयंपाकघरात कोंडून आई ठमाबाईला दारात बसवलं. ठमाबाई म्हणाली, "घोडी घरी येतेय का पोरीचं लग्न हाय, मला काय समजंना." पण उठली नाही.

राहता राहिला गोविंदा.

गोविंदा पुंडलिकचा मैत्र, रोह्याजवळच्या वरशाचा. याचा खालूबाजा, म्हणजे सनई, ढोल, टिमकी आणि झांज. वरात म्हटली की गोविंदाची सनई आणि पुंडलिकची घोडी, हे ठरलेलं. मेनका आडवी झाली तेव्हा गोविंदा तिथेच होता आणि पुंडलिकपेक्षा जास्त रडला होता. त्याला पुंडलिकने फोन केला, "गोंद्या, बाजा आणू नको."

"वाजवणार नाय रे."

"मग आणतोस कशाला?"

"घोडी येणार आणि बाजा नाय, बरं दिसतं का ते?"

म्हणून तो बाजा घेऊन आला आणि वाजवणारे वाद्यं पोटाशी धरून मांडवाच्या कडेला उभे राहिले, मयतीला चुकून आल्यासारखे.

गोविंदाला नुसतं उभं राहवेना. तो दिवस नवान्नाच्या पुनवेचा. नवीन भात तयार असतं, आणि सगळीकडे नवं बांधतात. भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, झेंडू आणि कुरडूची फुलं, सगळ्याची जुडी करून दाराला, विहिरीला, नांगराला, हल्ली मोटरसायकलला पण. गोठ्याच्या दाराला नवं नाही हे गोविंदाला दिसलं. त्याने मोठीशी जुडी केली आणि चौकटीला बांधली. पुंडलिकने येता जाता ती पाहिली, नमस्कार पण केला. हैबतरावांनी पाहिली, धोंडुबाईने पाहिली. सगळ्यांना बरं वाटलं.

दाणा म्हणून सगळा घरात कोंडलेला होता. नवं हे दाणाच असतं हे त्या गावात एकाच्याही डोक्यात आलं नाही. नवं म्हणजे देव. देव कोण खातं?

दुपारी टेम्पो आला. पुंडलिकने सगळ्यांना हाताची घडी घालायला लावून उभं केलं, शाळेतल्यासारखं. कोणी बोलायचं नाही. मेनका फळीवरून उतरली. पोट खपाटीला गेलेलं, मानेवर सलाईनसाठी केस काढलेला चौकोन. हैबतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. भाषण पोटातच राहिल्यामुळेही असेल. धोंडुबाई पुटपुटली, "बघा, खीर हवी होती."

जनू तिला हळूहळू गोठ्याशी घेऊन आला. मेनका चौकटीत थांबली. आपलं घर ओळखलं, असं सगळ्यांना वाटलं. तिने मान वर केली.

आणि एका हिसक्यात नवं ओढलं. लोंब्या, पानं, फुलं, दोरीसकट. पुंडलिकने तोंडात हात घातला तेव्हा हाताला झेंडूची एक पाकळी लागली.

"गेलं," जनू म्हणाला.

पुंडलिकने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. घाईत बोट भलतीकडे पडलं आणि गावाला ऐकू जाईल असा स्पीकर लागला.

"काय खाल्लं?"

"नवं खाल्लं, बाई."

"नवीन काय?"

"नवीन नाय, नवं. भाताच्या लोंब्या. आंब्याची पानं. फुलं."

"कोणी दिलं?"

"दिलं नाय. बांधलेलं."

बाईंनी विचारलं, "कशाने बांधलेलं?"

सगळ्यांनी गोविंदाकडे बघितलं. गोविंदा म्हणाला, "सुतळी." मग आणखी बारीक आवाजात, "चांगली जाड घेतली होती. पडू नये म्हणून."

"तिला हळूहळू फिरवत ठेवा," बाई म्हणाल्या. "पोटाकडे वळून बघायला लागली, पाय आपटायला लागली, लोळली, तर लगेच फोन करा. आणि लीद पडते का बघा. संध्याकाळपर्यंत पडायला हवी."

मग सुरू झालं ते. जनू घोडीला मांडवाभोवती फिरवतोय, पुंडलिक तिच्या पोटाला कान लावून शेजारी चालतोय, आणि सगळं गाव मागे बघतंय. ओवाळणीचं ताट तसंच. कोणी घरी जाईना. हैबतराव म्हणाले, "शेपूट जरा उचललं का तिनं?" धोंडुबाई म्हणाली, "माशी होती." हायवेवरून कोणी मोटरसायकलवाला आत वळला. एवढी माणसं, बाजा, आणि सगळं चिडीचूप. त्याने हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"अजून कोणी नाय," ठमाबाई म्हणाली.

पुंडलिकला ते ऐकू आलं. रोह्याला ती आडवी झाली तेव्हा तिचा डोळा कसा पांढरा फिरला होता तेच त्याला दिसत होतं. मेनका एकदा थांबली आणि मान वळवून पोटाकडे बघायला लागली. पुंडलिकने फोन बाहेर काढला. पण ती पोटाकडे नाही, पोटाच्या पलीकडे उभ्या टिमकीवाल्याकडे बघत होती. त्याच्या खिशात भाजलेल्या चण्यांची पुडी होती, प्रवासात खायला. ती पण जप्त झाली.

उन्हं उतरता उतरता तिने शेपटी उचलली. ती माशी नव्हती.

हैबतरावांनी टाळीसाठी हात वर केले आणि पुंडलिकने ते हवेतच धरले. मग गाव तोंडावर पदर आणि रुमाल घेऊन हसलं. धोंडुबाईने तेवढ्यात हात जोडून घेतले, घोडीला की लिदीला ते कळलं नाही. फोनवर बाई म्हणाल्या, "आतडं चालतंय, छान. पण हे आधीचं आहे. सुतळी एक-दोन दिवसांनी दिसेल. ती दिसेपर्यंत मला चैन नाही."

स्वयंपाकघरात कोंडलेलं सगळं त्या दिवशी गावाने खाल्लं. गोविंदाने काही घेतलं नाही. बाजावाल्यांना वरशाला पाठवून दिलं आणि स्वतः राहिला. त्यानंतर लीद पडली की काठी घेऊन पहिला गोविंदा. ज्या माणसाची सनई ऐकायला लोक मांडवात सरकून बसतात, तो गोठ्यात उकिडवा बसून लीद उकरत होता, आणि बोलवायला गेलं तर "थांब, अजून एक हाय" म्हणायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो काठीच्या टोकावर काहीतरी धरून अंगणात आला. सुतळी होती. गाठ पण तशीच, सुटलेली नाही.

पुंडलिक पायरीवर बसला. गोविंदा त्याच्या शेजारी टेकला, काठी तशीच हातात.

"पुंडल्या, पुन्हा मी तुझ्या दारात काय बांधणार नाय."

"बांध रे. जरा उंच बांध."

आत मेनका गवत चावत होती. दोघं ते ऐकत बसले.

"आता तरी एकदा वाजवू?" गोविंदा म्हणाला. "हळू. नुसती सनई."

"नाय."

"तू अगदी त्या बाईंसारखा बोलायला लागलास."

पुंडलिक हसला. मग म्हणाला, "तुझ्या बाजावर सगळा मुलूख नाचला, मी एकदा पण नाय नाचलो. माझ्या हातात कायम लगाम."

"व्हय, ते मी बघतोय. पाय हलतात तुझे उभ्या उभ्या."

"बाई पूर्ण बरी म्हणाल्या ना, की त्या दिवशी बाजा घेऊन ये. वाजव किती वाजवायचं ते. मी नाचतो. शब्द दिला तुला."

"आणि घोडी कोण धरेल?"

"मीच," पुंडलिक म्हणाला. "एका हाताने नाचीन."