स्वस्त घरातली चूल

मित्रांनो, मला बघून नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकाल. माझा एक पाय मोडलाय, तिथे वीट लावलीय. भट्टीच्या दाराची कडी तारेने बांधलीय. अंगावरचा पांढरा मुलामा जागोजाग उडालाय. मी एक जुनी लोखंडी चूल आहे. बल्गेरियात, डोंगराच्या पायथ्याला गोर्नो क्लादेनेत्स नावाचं गाव आहे, तिथल्या एका रिकाम्या स्वयंपाकघरात मी उभी आहे. मला गोड बोलता येत नाही. लोखंडाला कसलं आलंय गोड बोलणं?

माझा जन्म ओतशाळेत झाला. लाल रसातून मी घडले, थंड झाले आणि त्सोंका नावाच्या नवरीबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून या घरी आले. अहाहा, काय दिवस होते ते! माझ्या डोक्यावर घेवड्याचं सूप रटरटायचं, पोटात बानित्सा, म्हणजे आमची चीजची पापुद्र्यांची पोळी, फुगायची. शरद ऋतूत पोतीच्या पोती लाल मिरच्या माझ्यावर भाजल्या जायच्या आणि सगळ्या आळीला भूक लागायची. त्सोंकाची लेक रोसित्सा माझ्या भट्टीच्या उघड्या दाराशी पाय शेकत अभ्यास करायची. माझी धुराड्याची झडप अडकते. ती जरा उचलून मग ढकलावी लागते. ही खोड घरात दोघींनाच ठाऊक होती. त्सोंका शेजारणींना सांगायची, "नवरा गेला तेव्हा रडले, पण ही चूल गेली तर मी जगायचीच नाही."

आमच्या गावात हिवाळ्यात कुणी कुणाचं दार वाजवून 'बरे आहात ना' असं विचारत नाही. सकाळी उठायचं आणि समोरच्या धुराड्याकडे बघायचं. धूर दिसला की माणूस आहे. एवढी चौकशी पुरते.

मग तालुक्याची सूतगिरणी बंद पडली. पोरं गेली म्हणून शाळा बंद पडली. दवाखान्याच्या खोलीला कुलूप लागलं आणि डॉक्टर आठवड्यातून एकदाच यायला लागला. रोसित्साने बॅग भरली आणि ती इंग्लंडला गेली, एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायला. रोज संध्याकाळी त्सोंका मोबाइल माझ्या कडेच्या फळीवर टेकवून ठेवायची आणि लेकीशी बोलायची.

"आई, जेवलीस का?"

"जेवले की. सूप केलं."

सूप नव्हतं. दही-पाव होता, तोही अर्धा राहिला होता.

"डॉक्टरला पाय दाखवलास?"

"डॉक्टर येतो गुरुवारी, मी आजारी पडते सोमवारी. आमचं काही जमत नाही बघ."

"थट्टा नको गं. सूज वाढलीय, मला इथून दिसतेय."

"माझं राहू दे. तू सध्या कुणाचे पाय धुतेस?"

"एक बाई आहे, मार्गरेट म्हणून. शंभरीला टेकलीय."

"बरी आहे का?"

"बरी आहे."

"तिला सांग, त्सोंकाने विचारलंय."

त्या जानेवारीत एका सकाळी माझ्या धुराड्यातून धूर निघाला नाही. समोरचा मिन्को काठी टेकत बर्फातून आला. त्सोंका माझ्याजवळच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर काटक्या घेऊन. त्या माझ्यात घालायच्या राहून गेल्या होत्या.

रोसित्सा आली, रडली, घर विकून गेली. घर घेतलं नॉर्मन आणि ब्रेंडा या इंग्रज जोडप्याने. दोघंही पेन्शनवर होते. पहिल्याच संध्याकाळी माझ्याजवळ बसून ते वाईन प्यायले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"स्पेनमध्ये एवढ्या पैशांत गाडी ठेवायची खोलीसुद्धा आली नसती," नॉर्मन म्हणाला.

"पोर्तुगालही महागलंय आता. आणि तुझं ते थायलंड! तिथे नातवंडं कधी आली असती?"

"इथे येतील. विमानाने तीन तास."

मित्रांनो, नातवंडं एकदाच आली. इंटरनेट मंद आहे म्हणून चार दिवसांत कंटाळली.

माणसं वाईट नव्हती हो. तिकडे त्यांची पेन्शन भाड्यात आणि हीटरच्या बिलात जायची. स्वतःच्या घरात कोट घालून बसायची पाळी आली होती. म्हणजे तेही हाकललेलेच, फक्त त्यांना तसं कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. पण मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पाव किती स्वस्त, वाईन किती स्वस्त, छप्पर दुरुस्त करणारा किती स्वस्त, सगळं विचारून आले. हे घर इतकं स्वस्त का, हे कुणी विचारलं नाही. मी सांगते. दवाखान्याला कुलूप आहे म्हणून ते स्वस्त आहे. शाळेच्या पटांगणात कोंबड्या चरतात म्हणून स्वस्त आहे. एका बाईला तिच्या आईजवळ राहून पोट भरता आलं नाही, म्हणून ते इतकं स्वस्त आहे! इंग्लंडचे म्हातारे त्सोंकाच्या खुर्चीत आणि त्सोंकाची पोर इंग्लंडच्या म्हाताऱ्यांच्या पलंगापाशी. हा उलटा खेळ कुणी मांडला? ज्याने मांडला तो माझ्या हाताला लागत नाही, नाहीतर चटका काय असतो हे दाखवलं असतं.

पहिल्या वर्षी त्यांनी लाकडं मागवली नोव्हेंबरात. आमच्याकडे लाकूड मे महिन्यात घेतात, उन्हाळाभर वाळवतात. ती ओली लाकडं माझ्यात घातली तर मी फसफसले, डोळ्यांतून पाणी काढावं तसा फेस काढला. मिन्को दारात उभा राहून पोट धरून हसला.

"अरे नॉर्मन, लाकडं आणलीस की मासे? पाणी गळतंय त्यातून!"

"मग तू मे महिन्यात का नाही सांगितलंस, मिन्कोदादा?" ब्रेंडाने विचारलं. तिने आमची भाषा शिकली होती, मोडकीतोडकी पण धीट.

"मला वाटलं इंग्लंडात हिवाळा असतो!"

त्या वर्षी मिन्कोने स्वतःच्या गंजीतलं लाकूड दिलं. पुढे दर मे महिन्यात ब्रेंडा लाकूड मागवायची. भाजीपाला, औषधं, बँक, नगरपालिका, सगळं तीच बघायची. नॉर्मन हळूहळू विसरत चालला होता. साखरेच्या बरणीत मीठ, माझ्यावर रिकामी किटली, एका पायात बूट, दुसऱ्यात सपात. ब्रेंडा सगळ्यांना सांगायची, "लग्नापासून असाच वेंधळा आहे." पण मी तिला माझ्यासमोर उभं राहून एकटीने डोळे पुसताना पाहिलंय.

एकदा मिन्कोने स्पष्टच विचारलं, "ब्रेंडा, तू आजारी पडलीस तर याचं काय?"

"नाही पडणार. परवडत नाही," ती म्हणाली आणि दोघं हसली.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात ती माझ्यावर मिरच्या भाजत होती. हातातला चिमटा पडला, मग ती पडली. रुग्णवाहिका घाटापलीकडून आली. उशिराच आली. ब्रेंडाला आमच्या गावच्या टेकडीवर पुरलं.

मुलगा क्रेग दोन दिवस आला. माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "बाबा, मी तुम्हाला चला म्हटलं असतं. पण तिकडे आम्हीच कसेबसे राहतोय. इथे तुमचं घर आहे, शेजार आहे."

"मी ठीक आहे रे," नॉर्मन म्हणाला. मग इकडेतिकडे बघून, "तुझी आई कुठेय?"

क्रेग खिडकीबाहेर बघायला लागला. मिन्कोचा फोन नंबर घेऊन आणि स्वतःचा त्याला देऊन तो दुसऱ्या दिवशी गेला.

आता पुढचं नीट ऐका. त्या हिवाळ्यात रात्रंदिवस जाळून गंजीतलं लाकूड लवकरच संपलं. नव्याची आठवण करणारी टेकडीवर निजली होती. नॉर्मनने आधी छपरीच्या फळ्या जाळल्या. मग कपाटाची दारं, मग खुर्च्या. रंग दिलेलं लाकूड, काळाकुट्ट धूर. माझं आतडं काजळीने भरून गेलं. तो बरणीतल्या मिरच्या बोटांनी खायचा, अंथरुणात घाण करायचा आणि मला 'ब्रेंडा' म्हणून हाक मारायचा. भट्टीचं दार उघडंच टाकायचा. एकदा निखारा जमिनीच्या फळीवर पडला. आपोआप विझला म्हणून आज ही गोष्ट सांगायला मी उरले. त्या फळीवरचा काळा डाग अजून आहे.

आणि समोर, गुडघ्याने जायबंदी झालेला मिन्को रोज सकाळी खिडकीतून माझ्या धुराड्याकडे बघायचा. धूर दिसायचा. "इंग्रज आहे," तो पाववाल्याला सांगायचा, "मजेत आहे, बघ केवढा जाळ करतोय!"

माझ्याकडे धुराशिवाय दुसरी भाषा नाही, मित्रांनो. आणि त्या भाषेत 'वाचवा' हा शब्द नाही.

मार्चच्या तोंडावर मृतांचा शनिवार आला. त्या दिवशी गावात उकडलेले गोड गहू थडग्यांवर नेऊन वाटतात. रोसित्सा रजा काढून आईसाठी आली होती. तिचं घर आता तिचं नव्हतं, म्हणून गहू मिन्कोकडे शिजवले. टेकडीकडे निघताना ती रस्त्यातच थबकली.

"मिन्कोकाका, हा वास कसला?"

"धुराचा, आणखी कसला?"

"लाकडाचा नाही हा. रंग जळतोय."

तिने गव्हाचं पातेलं बर्फात ठेवलं आणि धावत आली. नॉर्मन दोन कोट घालून जमिनीवर बसला होता. दाढी छातीवर आली होती. त्सोंकाच्या खुर्चीचा एक पाय त्याने माझ्यात घातला होता, दुसरा त्याच्या हातात होता.

रोसित्साने त्याच्या हातातला पाय काढून बाजूला ठेवला. मग तिच्या तोंडून कामावरचा आवाज निघाला, मार्गरेटशी बोलतानाचा. "काय म्हणताय? आज आंघोळ करायची ना?"

"तू नवीन नर्स का?" त्याने विचारलं.

"हो."

तिने माझी झडप उचलून ढकलली. कितीतरी वर्षांनी कुणीतरी मला नीट हात लावला. मिन्कोकडची कोरडी लाकडं आणली, पाणी तापवलं, त्याला खसाखसा घासलं. ती रडत नव्हती. इतक्या जोराने घासत होती की तोच म्हणाला, "हळू गं बाई, मी भांडं नाही."

मग तिने क्रेगला फोन लावून माझ्या फळीवर ठेवला. आपण कोण, इंग्लंडात काय काम करतो, इथे काय झालंय, सगळं सांगितलं. पलीकडून क्रेग घाईघाईने बोलायला लागला.

"मी काहीतरी करतो. पण इकडच्या वृद्धाश्रमाची फी... तुम्हाला तर माहीतच असेल. तुम्ही शिकलेल्या आहात यातलं. तुम्हीच थांबाल का? आम्ही पगार देऊ. तिकडे तसं स्वस्तच पडतं ना?"

"स्वस्त?" रोसित्साने खुर्चीचा उरलेला पाय उचलला. जणू क्रेग समोर होता. "या खुर्चीत माझी आई मेली. तिच्यासाठी मी थांबले नाही. आणि तुमच्या बापासाठी थांबू? तेही स्वस्तात?"

"माझ्या बोलण्याचा तसा अर्थ..."

"उद्या माझं विमान आहे. सोमवारी सकाळी माझे म्हातारे वाट बघणार. तेही कुणाकुणाचे बापच आहेत. तुम्ही या आणि तुमचा घेऊन जा."

दारात मिन्को उभा होता. टोपी हातात चुरगळत होता. "माझ्याकडे आण त्याला," तो म्हणाला.

"काका, तुम्हाला स्वतःचे मोजे घालता येत नाहीत!"

"मग तो माझे घालेल, मी त्याचे घालीन. मी रोज धूर बघत होतो, रोसे. रोज बघत होतो."

तिने माझे निखारे उकरून बादलीत घेतले आणि बर्फावर टाकले. विसरभोळ्या माणसाच्या हाती विस्तव ठेवायचा नव्हता, बरोबरच केलं. बाहेरून कुलूप लागलं. क्रेगने फोन केले, कागदपत्रं चालू आहेत म्हणाला, पैसे पाठवतो म्हणाला आणि घर विकायला काढलं. स्वतः काही आला नाही.

तेव्हापासून मी थंड आहे. नॉर्मन रोज सकाळी मूठभर काटक्या घेऊन येतो आणि खिडकीच्या काचेला तळवे लावून उभा राहतो. पलीकडे मी असते. त्याला वाटतं काच गरम होईल. मग मिन्को लंगडत येतो आणि त्याचा दंड धरतो. "चल रे इंग्रजा, सूप गार होतंय."

परवा दलाल एका नव्या जोडप्याला घेऊन आला. याही वेळी पावाची किंमत विचारून झाली, वाईनची झाली, इंटरनेटची झाली. बाईने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "किती गोड आहे! अंगणात ठेवून हिच्यात फुलझाडं लावू."

"हिवाळ्यात कुणी आजारी पडलं तर?" तिच्या नवऱ्याने विचारलं. शाबास, मी मनात म्हटलं, कुणीतरी विचारलं!

दलालाने खिडकीतून समोरच्या बाकाकडे बोट दाखवलं. तिथे मिन्को धापा टाकत, वाकून नॉर्मनच्या पायात मोजा चढवत होता. "ते बघा. इथला शेजार असा आहे. तो बसलेला माणूस तुमच्यासारखाच परदेशी आहे, आणि त्याला कसा जीव लावलाय! हे तुम्हाला पैसे देऊन मिळणार नाही."

बाईचे डोळे भरून आले. तिने त्या दोघांचा फोटो काढला. मोजा चढवणाऱ्याचं वय किती, हे कुणी विचारलं नाही. व्यवहार ठरला.

मित्रांनो, म्हातारपण घेऊन कुठेही जा, त्याला माझी ना नाही. पण घराची किंमत विचारायच्या आधी, त्या घरातली माणसं कुठे गेली ते विचारा. तुमचं म्हातारपण कुणाच्या पाठीवर स्वस्त होणार आहे, ते विचारा. आणि तुमच्या आळीत कुणी म्हातारं माणूस एकटं राहत असेल, मग ते आपलं असो नाहीतर परकं, तर लांबून धूर बघून समाधान मानू नका. दार ढकला. आत या. चुलीत काय जळतंय ते डोळ्यांनी बघा.

थंडी पडायला लागलीय. आज मिन्कोच्या धुराड्यातून धूर उशिरा निघाला. निघाला, पण फार उशिरा. आणि नॉर्मन अजून खिडकीशी आलेला नाही. मी बघतेय. पण माझ्या बघण्याने काय होतं? माझ्या दाराला बाहेरून कुलूप आहे. तुमच्या दाराला नाही.