मी पस्तीस दाखवत होतो

मित्रांनो, भुशाने माखलेला, पिल्लांनी चोची मारून रंग उडवलेला मी एक जुना तापमापक आहे. माझी गोष्ट सांगायची मला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय मन हलकं होणार नाही.

काष्टीजवळच्या एका कोंबडीफार्मवर मी सात वर्षं काम केलं. "ह्यो कधी खोटं बोलत न्हाई," असं मालक भिमाजीशेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. ते कौतुक माझ्या डोक्यात गेलं. पुढे फार्म बंद पडला, मी अडगळीत पडलो, तरी गर्व काही उतरला नाही.

गेल्या दिवाळीनंतर मिरजगावच्या हनुमंतरावांनी मला घरी आणलं. ते आणि त्यांच्या पत्नी पंकजाताई दरवर्षी ऊसतोडीला जायचे. मोळ्या वाहून ताईंची कंबर गेली होती. टर्कीची पन्नास पिल्लं जगली, तर पुन्हा कोयता धरायचा नाही, असं दोघांनी ठरवलं होतं.

पत्र्याच्या खोलीत भुसा अंथरला, वर बल्ब सोडले. पिल्लांना पाणी ओळखता यावं म्हणून भांड्यात रंगीत गोट्या टाकल्या. मला मात्र हनुमंतरावांनी खांबावर, ताईंच्या डोळ्यांसमोर टांगलं. "तुला वाकाया नको. उभ्यानंच बघ," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून ओरडत होती. ताई थबकल्या. "गारठली का काय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पस्तीस दाखवत होतो. "पस्तीस हाय. म्हंजे बरुबर हाय," म्हणत त्या निर्धास्त होऊन धुणं धुवायला गेल्या.

मी खोटं बोललो नव्हतो. वर, माझ्यापाशी, पस्तीसच होतं. खाली पिल्लांच्या अंगाशी किती आहे, हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही याचंही मला कधी काही वाटलं नव्हतं. ताई परतल्या, तेव्हा ढिगाखाली दबून अकरा पिल्लं मेली होती.

त्यांच्या सासूबाई, दगडाबाई, धावत आल्या. "अगं, काचंत काय बघती? पिलांकडं बघ. ऊब आसती तर पांगून निजली आसती."

ताईंनी पदराने डोळे पुसले. मला आपटून फोडलं असतं, तर बरं झालं असतं. त्यांनी मला काढलं आणि सुतळीने खाली, पिल्लांच्या पाठीएवढ्या उंचीवर बांधलं. बघता बघता मी सव्विसावर उतरलो. त्या नऊ अंशांची लाज अजून गेलेली नाही.

हनुमंतरावांनी बल्ब खाली घेतले. उरलेली एकोणचाळीस पिल्लं जगली, वाढली आणि ती विकून कसंबसं भागलं. यंदा मुकादमाची गाडी आली, ती या दोघांना न घेताच गेली.

आता नवी पिल्लं आली आहेत. ताई रोज कंबरेला हात लावून, कण्हत खाली बसतात. आधी पिल्लांकडे बघतात, मग माझ्याकडे. मला त्याचा राग येत नाही. मित्रांनो, कुणाला सांभाळायची वेळ आली, तर तुम्हीही आधी वाकून त्याच्याकडेच बघा. माझा आकडा नंतर वाचा.