घोडी कुठेही जाणार नाही

घरात कोणी आजारी पडलं की आपण औषधाआधी गुन्हेगार शोधायला लागतो. बाहेरचं खाल्लं असेल, कामवालीने आणलं असेल, शेजाऱ्यांच्या कुत्र्यामुळे झालं असेल. आपलं घर तेवढं धुतल्या तांदळासारखं!

त्या कॉलनीतही तेच झालं. अध्यक्षांच्या आईला सणकून ताप भरला, मान आखडली, बोलणं तुटक झालं. डासांमुळे होणारा विषाणूचा ताप मेंदूपर्यंत पोचला आहे, असं दवाखान्यात सांगितलं. त्याच सुमारास कॉलनीमागच्या तबेल्यातली घोडी लडखडू लागली आणि तिच्या रक्तातही तोच विषाणू निघाला. मग काय, खापर फोडायला आयतं डोकं मिळालं.

तबेला सगळ्यांच्या मावशींचा, जागा मात्र कॉलनीची. मावशी मुलांना घोड्यावर बसायला शिकवत. अर्ध्या कॉलनीची पोरं याच घोडीवरून पहिल्यांदा पडली होती, आणि तिचा तोरा असा की सगळे तिला बाईसाहेब म्हणत. आता त्या बाईसाहेब भिंतीला टेकून कशाबशा उभ्या होत्या. मागचे पाय थरथरत होते, ओठ फुरफुरत होते.

कमिटीने निर्णय घेऊन टाकला. घोडीला इंजेक्शन देऊन कायमचं मोकळं करायचं, नाहीतर तबेला रिकामा करायचा. हे सांगायला अध्यक्ष दहा-बारा जणांना घेऊन आले, तेव्हा जनावरांची डॉक्टरीण घोडीला तपासत होती आणि मावशी फाटकात आडव्या उभ्या होत्या.

"घोडी कुठेही जाणार नाही," मावशी म्हणाल्या.

"मावशी, माझी आई तिकडे मरणाच्या दारात आहे."

"माहीत आहे मला. ही पण त्याच दारात आहे. तुमच्या आईला कॉलनीबाहेर काढा असं मी म्हटलं का?"

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. आईची तुलना घोडीशी! मागची मंडळीही खवळली. तेवढ्यात डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या.

"तुलना बरोबर आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "हा विषाणू वाढतो पाखरांच्या रक्तात. पाखराला चावलेला डास पुढे माणसाला चावतो, घोड्याला चावतो. पण घोड्याच्या रक्तात तो इतका थोडा असतो की डासाला तिथून तो उचलताच येत नाही. माणसाचंही तसंच. या घोडीने तुमच्या आईला काही दिलेलं नाही, आईंनी घोडीला काही दिलेलं नाही. दोघींना डास चावला, एवढंच."

मग डास या तबेल्यातलेच, असं घोळक्यातल्या औषधाच्या दुकानदाराने ठासून सांगितलं. कॉलनीत तर दर आठवड्याला धूर सोडतात! डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना घोडीच्या पाण्याच्या टाकीपाशी नेलं. तळ लख्ख दिसत होता. शिळ्या पाण्याला बाईसाहेब तोंड लावत नाहीत, म्हणून मावशींना टाकी रोज रिकामी करून घासावी लागे. आणि तुमच्याकडे पाणी कुठे साठतं, असं विचारल्यावर सगळ्यांनी कानावर हात ठेवले.

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं. प्रत्येक गॅलरीत पाखरांसाठी एक पसरट भांडं टांगलेलं होतं.

ही टूम अध्यक्षांच्या आईने सुरू केली होती. पाणी घालायचं काम पहिल्यापासून अध्यक्षांकडे होतं, आणि आई दवाखान्यात गेल्यापासून तर त्यांनी एक दिवसही खंड पडू दिला नव्हता. रोज सकाळी भांड्यात पाणी घालताना आई लवकर घरी येऊ दे, असं ते मनात म्हणत. भांडं मागितल्यावर तेच धावत गेले आणि अभिमानाने घेऊन आले.

"हे रिकामं कधी करता?"

"रिकामं कशाला करायचं? कमी झालं की भर घालतो."

बाईंनी ते पाणी पांढऱ्या तसराळ्यात ओतलं. सगळे वाकले. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या, शेकड्याने! तळाशी पाखरांच्या शिटेचा गाळ होता, त्यावर त्या पोसल्या होत्या. आणखी थोड्या दिवसांनी त्यांना पंख फुटले असते.

अध्यक्ष मटकन तबेल्याच्या पायरीवर बसले. "आईच्या अंगावर हे मीच सोडलं?"

आईंना कुठला डास चावला ते कोणीच सांगू शकणार नाही, असं बाईंनी त्यांना समजावलं. पण उद्याचे डास आपल्या हातात आहेत. तेवढ्यात कोणीतरी सगळी भांडी फेकून द्या, पाखरांना हाकला, असं ओरडलं.

मावशी उसळल्या. "घोडी झाली, आता पाखरं! अरे, भांडं घासायला काय धाड भरली आहे तुम्हाला?"

अध्यक्ष उठले. त्यांनी ते पाणी कोरड्या मातीत ओतलं आणि नळाखाली बसून भांडं खसाखसा घासलं. मग मावशींपुढे येऊन त्यांनी हात जोडले.

"माफी नंतर मागा," मावशी म्हणाल्या. "ती आत्ता खाली बसली तर पुन्हा उठणार नाही. झोळीत घेऊन उभी ठेवायची आहे, आणि मला एकटीला ती पेलत नाही. दोर धरा."

घोडीच्या पोटाखालून जाड कापडाची झोळी घातली, दोर वरच्या तुळईवरून टाकले. तिला घालवायला आलेली माणसं ते दोर ओढू लागली. सगळ्यात पुढे अध्यक्ष होते. ते ओढत होते आणि रडतही होते, आणि त्याची त्यांना लाज वाटत नव्हती.

बाईसाहेब तगल्या. आईही घरी आल्या, अजून शब्द शोधत बोलतात, पण बोलतात.

तेव्हा मंडळी, आजाऱ्याला घालवायला कोणी आलं, तर फाटकात आडवे उभे राहा. आजारी माणूस असो की जनावर, हटू नका. फक्त तिथे जाण्याआधी आपल्या गॅलरीतलं पाणी ओतून, भांडं घासून जा.