खडवलीहून परत आलेला मेणाचा ठोकळा

मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे. आगपेटीहून लहान, पांढरट, आणि मधोमध तपकिरी मांसाचा एक पातळ तुकडा. मित्रांनो, तो तुकडा महिपतरावांच्या मोठ्या आतड्याचा आहे. माझ्या अंगावर एक नंबर आहे. नाव नाही.

महिपतराव वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर काम करायचे. पोट दुखलं की गॅस झालाय म्हणून सोडून द्यायचे. शेवटी ऑपरेशन झालं आणि गाठ निघाली. त्या गाठीचा एक काप फॉर्मालिनमध्ये मुरला, अल्कोहोलमधून गेला आणि वितळलेल्या मेणात बुडाला. मेण थिजलं, तो माझा जन्म. मग यंत्रावर चढवून माझे केसाहून पातळ काप काढले, रंगवले, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कॅन्सर आहे, पण आतड्याबाहेरच्या ग्रंथींपर्यंत पोचलेला नाही, असं निदान झालं. "ब्लॉक छान झालाय," असं कोणीतरी म्हणालं. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक तेवढंच.

काही दिवसांनी लॅबने मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरच्यांच्या हातात दिलं. "जपून ठेवा," असं सांगितलं. कशासाठी, ते सांगितलं नाही.

कल्याणच्या घरी शेवंतीबाईंनी, म्हणजे महिपतरावांच्या बायकोने, मला उंबऱ्याच्या आत ठेवलंच नाही. अंगातून कापून काढलेलं घरात कसं ठेवायचं? बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून त्यांनी मला खिडकीच्या ग्रिलला बाहेरून टांगलं. उन्हाने पत्रा तापायचा आणि माझं मेण कडेने मऊ पडायचं. मला बोलता येत नाही. मी लटकत राहिलो.

महिपतरावांची जखम भरली, पण केमो द्यायची की नाही हे ठरत नव्हतं. ते रोज थोडे वाळत होते. दुखण्याचा तुकडा दाराशी आहे तोवर दुखणं हटणार नाही, असं शेवंतीबाईंच्या मनाने घेतलं. त्यांच्या घरातल्या अस्थी खडवलीला, भातसा नदीत सोडतात. मलाही तिथेच सोडायचं ठरलं.

"अगं, अस्थी मेलेल्या माणसाच्या सोडतात," महिपतराव म्हणाले. "मी अजून चहा पितोय."

"तुम्ही प्या चहा. मी दुखणं सोडून येते."

"माझाच तुकडा आणि मलाच आमंत्रण नाही? थांब, चप्पल घालतो."

नदीवर शेवंतीबाई गुडघाभर पाण्यात उतरल्या. मी लाल फडक्यात होतो, हळदकुंकू लावलेला. महिपतराव काठावर बसले होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांची मुलगी ऐश्वर्या ठाण्याला कॅन्सरच्या डॉक्टर क्षिप्रांकडे रिपोर्ट घेऊन गेली होती.

"पप्पा, तो मेणाचा ब्लॉक कुठाय? त्याच्यावर एक टेस्ट करायचीय. केमोचं त्यावरून ठरणारे."

महिपतराव धडपडत उठले. "शेवंता, टाकू नको! थांब!"

"काय झालं?"

"विसर्जन कॅन्सल!"

फडक्याचं एक टोक भिजलं होतं. परतीच्या वाटेवर शेवंतीबाईंनी मला मांडीवर घट्ट धरलं होतं.

मित्रांनो, त्या तपासणीला एमएसआय म्हणतात. पेशी दुभंगते तेव्हा आपल्या डीएनएच्या मजकुराची नक्कल करते. काही ठिकाणी तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात आणि नक्कल करताना एखादं अक्षर कमी-जास्त होतं. अशा चुका दुरुस्त करणारी प्रथिनं पेशीत असतात. काही गाठींमध्ये ती काम करत नाहीत, म्हणून त्या ओळींची लांबी बदलत राहते. हीच ती अस्थिरता, जी एमएसआयमध्ये शोधतात. विचित्र म्हणजे, अशी गाठ या टप्प्यात काढून टाकली तर ती कमी वेळा उलटते.

मला पुन्हा यंत्रावर चढवलं, पुन्हा तासलं. माझ्या कडेला थोडं निरोगी आतडंही होतं. त्याच्याशी गाठीची तुलना झाली.

"अस्थिरता आहे," डॉक्टर क्षिप्रा म्हणाल्या. "तुमच्यासाठी ही चांगली खूण आहे. हमी नाही देत, पण केमो नको. तपासण्या मात्र चुकवायच्या नाहीत."

"म्हणजे बिघडलंय ते बरं झालं?" महिपतराव हसले.

"तुमच्या घरात आणखी कोणाला असं काही?"

"वडील पोटाच्याच दुखण्याने गेले. तरुण होते. आत्यापण."

डॉक्टर म्हणाल्या, "हा बिघाड कधीकधी घराण्यातून येतो. आधी तुमचं रक्त तपासू. त्यात काही सापडलं, तर ऐश्वर्याचं."

शेवंतीबाई मुलीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "तो ठोकळा आता कोणाचा?"

"तुमचाच."

"मग द्या. मी ठेवते."

आता मी एका डबीत, त्यांच्या लोखंडी कपाटात आहे, देवाच्या चांदीच्या भांड्यांशेजारी. इथे अंधार आहे, गारवा आहे. मी फार झिजलो आहे. आणखी थोडेच काप निघतील. मित्रांनो, तुमच्या घरी असा ठोकळा आला तर त्याला उन्हात टांगू नका, नदीत सोडू नका. तो कशासाठी दिला, ते आधी विचारा.

महिपतरावांचं रक्त तपासायला गेलं आहे. सकाळी ऐश्वर्या ओढणी काढायला कपाट उघडते आणि दार लावण्याआधी माझ्या डबीकडे पाहते. मला आता विसावा हवा आहे. पण तिचं काय ते कळेपर्यंत मी थांबेन.