दाजींनी आणलेला रेग्युलेटर

अणदूरजवळ अर्पिता आणि तिचा भाऊ कृष्णराज पेंटबॉलचं मैदान चालवत. खेळणाऱ्या पोरांना रंगाची गोळी जोरात लागू नये म्हणून बंदुकीला कमी दाबाचा रेग्युलेटर हवा होता. थोरल्या बहिणीचे यजमान महारुद्र दाजी तो घेऊन आले.

"नवाकोरा हाय," ते म्हणाले. पण स्क्रूवर पान्याचे ओरखडे होते. अर्पितानं तो हवेच्या सिलिंडरला जोडला. दाब दाखवणारा काटा बरोबर जागेवर थांबला.

"झालं न्हवं? काढ आता," दाजी घाईनं म्हणाले.

"चहा होईस्तोवर राहू द्या."

"दाजींवर संशय घेतीस व्हय?" कृष्णराज कुजबुजला.

ती काट्याकडंच बघत राहिली. काटा हळूहळू वर सरकू लागला.

"आतून हवा झिरपून दाब वाढतोय, दाजी. पोरांच्या अंगावर वळ उठले असते."

दाजी चहा न पिताच उठले. कृष्णराजनं त्यांना थांबवलं नाही. नवा रेग्युलेटर अर्पितानं सोलापूरहून स्वतः तपासून आणला.